पहिली बंदूक अंगाच्या मापाची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलामुलींना नेमबाजी शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. या काळात एक प्रश्न सर्वांत जास्त वेळा कानावर आला. शहाद्याच्या बाजारात, तळोद्याच्या एसटी स्टँडवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप चालू असताना. ‘सर, पोरगी नेमबाजी शिकायचं म्हणते. अंगानं बारीक आहे. तिला पहिली बंदूक कोणती द्यावी?’ विचारणारा बहुधा शेतकरी असतो. घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरून आलेली बाराबोर असते, नाहीतर ठासणीची बंदूक असते. आणि बोलता बोलता तो हळूच म्हणतो, ‘पुढंमागं शिकारीलाही कामाला येईल.’

या शेवटच्या वाक्याचं आधी बघू. शिकारीसाठी बंदूक निवडायचा काळ आपल्या देशात संपला आहे. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि परवाना काढून हौसेनं शिकार करायची वाटही बंद झाली. ससा असो, तितर असो की रानडुक्कर, आपल्या मर्जीनं मारता येत नाही. बंदुकीऐवजी बाण वापरला किंवा फासा लावला, तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच. पिकाची फारच नासधूस होत असेल तर वनखात्याकडे रीतसर अर्ज करायचा असतो, आणि परवानगी मिळाली तर त्यातल्या अटी पाळायच्या असतात. ती मोठ्या, परवानाधारक माणसाची बाब आहे. शिकणाऱ्या मुलीचा तिच्याशी काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट घरातल्या बंदुकीची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. आपल्याकडच्या काही घरांत अशा बंदुका त्यामुळेच आहेत. पण परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याचीच. २१ वर्षांखालच्या कुणालाही ती बाळगता येत नाही. प्रशिक्षणापुरती नियमांत सवलत आहे, तीही ठरलेल्या अटींवर आणि देखरेखीखाली. ‘शेताच्या बांधावर जाऊन दोन बार काढ’ हे त्या सवलतीत बसत नाही.

मग उरतं काय? उरते ती लक्ष्यावरची नेमबाजी. ती मात्र भरपूर उरते. शाळा-कॉलेजातल्या एनसीसीमध्ये पॉइंट टू टू रायफल मिळते, क्लबात एअर रायफल मिळते. आता मूळ प्रश्नाकडे येतो. लहान चणीच्या मुलामुलीनं सुरुवात कशानं करावी?

याचं उत्तर आपल्या सातपुड्यानं फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. भिल्ल या नावाचा संबंध द्राविडी भाषांतल्या धनुष्यवाचक ‘बिल’ या शब्दाशी अनेक अभ्यासक जोडतात. होळीच्या दिवसांत अक्कलकुवा-धडगावकडे तीरकामठा घेतलेली माणसं आजही दिसतात. हा कामठा साधा असतो. बांबूची कांब, आणि पुष्कळदा दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. पण तो करणारा माणूस आधी काय बघतो? ज्याच्यासाठी करायचा त्याची उंची बघतो, हाताची लांबी बघतो, त्याला किती ओढवेल याचा अंदाज घेतो. आठ वर्षांच्या पोराला बापाचा कामठा कुणी देत नाही. त्याला पातळ कांबेचा, त्याच्या हाताला वाकेल असा वेगळा कामठा मिळतो. पोरगं वाढलं की नवा, जाड. जुना धाकट्या भावाकडे जातो. पोराचं अंग वाढतं तसा कामठा वाढतो.

आजच्या खेळातल्या धनुर्विद्येतही हेच शास्त्र आहे. दोरी किती मागे ओढली जाते आणि ओढायला किती जोर लागतो, ही दोन मापं घेतल्याशिवाय चांगला प्रशिक्षक मुलाच्या हातात धनुष्य देत नाही. हलक्या ओढीनं सुरुवात करतात आणि स्नायू तयार होतील तशी ओढ वाढवतात. साताऱ्याच्या अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं. तीही अशीच पायरीपायरीनं वर गेली असणार. पहिल्या दिवशी कुणी तिच्या हातात मोठ्यांचं धनुष्य दिलं नसणार.

बंदुकीचं मात्र उलट झालं. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. ज्यांच्या हातात आपापल्या मापाचा कामठा होता, त्यांच्या हाती सरकारी बंदूक आली. पलटणीची बंदूक एका साच्याची असते, माणसानं तिला जुळवून घ्यायचं असतं. पलटणीला ते परवडतं, कारण तिथं जवानच निवडून घेतलेले असतात. घरात तसं नसतं. घरात आहे ती बंदूक आणि आहे ती मुलगी, एवढंच असतं. आणि मग सगळे म्हणतात, ‘होईल सवय.’

सवय होते, पण कशाची ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी धडगाव तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे आली. अकरावीत होती, वजन चाळीस किलोच्या आत. तिच्या काकानं हौसेनं, आणि कायद्याची पर्वा न करता, तिच्या हातात बाराबोर देऊन दोन बार काढायला लावले होते. दस्ता लांब होता, त्यामुळे तो खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर टेकला होता. पहिल्या बारानं दंड काळानिळा झाला. दुसरा तिनं डोळे मिटून काढला. माझ्याकडे आली तेव्हा डाग केव्हाच गेला होता. डोळे मात्र मिटतच होते. एअर रायफल हातात दिली, जिचा धक्का जवळजवळ नसतोच, तरी चाप दाबायच्या क्षणी पापण्या मिटायच्या, खांदा पुढे यायचा आणि नळी खाली जायची. आम्ही याला दचका म्हणतो. एकदा अंगात भिनला की काढायला महिने लागतात. अनेक मुलं तोवर थांबत नाहीत. ‘मला हे जमत नाही’ असं म्हणून निघून जातात, आणि घरचेही म्हणतात, ‘बायकांचं काम नाही ते.’

वास्तविक इथं मुलीत काहीच कमी नव्हतं. मापात चूक होती. हे नीट कळावं म्हणून धक्क्याचं गणित सांगतो. शाळेत न्यूटनचा तिसरा नियम आपण सगळेच शिकलो आहोत. गोळी जितक्या जोरानं पुढे जाते तितकाच जोर बंदुकीला मागे ढकलतो. बाराबोरच्या नेहमीच्या काडतुसात तीस-बत्तीस ग्रॅम छर्रे असतात. सव्वातीन किलोची बंदूक त्या बाराबरोबर सेकंदाला साधारण चार मीटर वेगानं मागे येते. बंदूक हलकी असेल तर वेग वाढतो. वजन निम्मं झालं तर वेग दुप्पट होतो, आणि खांद्यावर येणारी ऊर्जाही दुप्पट होते.

म्हणून लोक देतात तो सल्ला, ‘पोरगी बारीक आहे ना, मग हलकीशी एकनळी द्या’, हा अर्धाच खरा आहे. हलकी एकनळी बाराबोर उचलायला सोपी, पण लाथ मारण्यात सर्वांत वाईट. जड बंदूक कमी ढकलते, पण ती धरून लहान हात थकतात. मग पाठ मागे वाकते, पोट पुढे येतं आणि तोल जातो. या कात्रीतून सुटायचा मार्ग एकच आहे. वजन कमी करायच्या आधी काडतुसातला दारूगोळा कमी करायचा. परदेशात, जिथं शिकार कायदेशीर आहे, तिथं लहान अंगाच्या नवशिक्याला बाराबोरऐवजी वीसबोर आणि हलकी काडतुसं देतात. त्याहून बारीक, चारशे दहा बोअरची बंदूक धक्का कमी देते, पण तिच्या काडतुसात छर्रे थोडे असल्यामुळे नेम लागणं अवघड जातं, आणि नवशिक्या कंटाळतो. जाणकार तिला नवशिक्याची बंदूक मानत नाहीत. लहान बंदूक म्हणजे सोपी बंदूक, असं समीकरण नाही.

आपल्याकडे ही निवड करायची वेळच येत नाही, हे एक प्रकारे बरंच आहे. आपल्या मुलीची पहिली बंदूक एअर रायफलच असावी. तिचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो. आवाज कमी, धक्का नाममात्र. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत छिद्राची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्र मागेल, ते द्यावं आणि पावती जपून ठेवावी.

इथंही एक मेख आहे. स्वस्त एअरगन बहुधा स्प्रिंगची असते. नळी मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग दाबली जाते. बंदूक जितकी जोरकस, तितकी स्प्रिंग कडक. दुकानात गेलं की बाप विचारतो, ‘सर्वांत पॉवरफुल कोणती?’ आणि ती घेऊन येतो. मग मुलीला नळी मोडवत नाही. दर छर्ऱ्याला भावाला हाक मारावी लागते. ज्या मुलीला आपली बंदूक आपण भरता येत नाही, तिची ती बंदूक कधी होतच नाही. शिवाय अर्धवट दाबलेली नळी हातातून सुटली तर ती झटक्यानं वर येते आणि बोटं चिरडते. म्हणून दुकानातच मुलीला स्वतः पाच वेळा नळी मोडायला सांगा. पाचव्या वेळीही ती सहज मोडता आली तर ती बंदूक तिची. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला फार जोर लागतच नाही.

आता मापं सांगतो. ती घेताना बंदूक रिकामी आहे हे स्वतः उघडून बघा, आणि नळी भिंतीकडे ठेवा.

पहिलं माप दस्त्याच्या लांबीचं. मुलीनं कोपर काटकोनात वाकवायचं आणि दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. बोट ताणावं लागलं तर दस्ता लांब. मोठ्या माणसाच्या बंदुकीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत चौदा इंचांच्या आसपास अंतर असतं. लहान चणीला ते बारा-तेरा इंच हवं. हा कच्चा अंदाज झाला. पक्कं माप बंदूक खांद्याला लावल्यावरच कळतं. गाल दस्त्यावर टेकला असताना नाक आणि अंगठा यांच्यामध्ये दोन-तीन बोटांचं अंतर राहायला हवं.

दुसरं माप गालाचं. गाल टेकवल्याबरोबर डोळा आपोआप मागच्या खाचेतून पुढच्या माशीवर गेला पाहिजे. मान उचलून बघावं लागत असेल तर दस्ता त्या चेहऱ्याला खाली पडतो. त्यावर फोमची किंवा जाड कापडाची पट्टी बांधून उंची वाढवता येते. खर्च काही रुपयांचा.

तिसरं माप तोलाचं. बंदूक खांद्याला लावून एक मिनिट उभं राहायला सांगा आणि बाजूनं बघा. पाठ मागे कलत असेल किंवा नळी हळूहळू खाली येत असेल तर ती अजून जड आहे. स्पर्धेच्या एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं. पण चाळीस किलोच्या नवशिक्या मुलीनं पहिल्या दिवशी तेवढं वजन पेलायचं कारण नाही. सुरुवातीचे काही आठवडे टेबलावर टेकू देऊन नेम धरला तरी काही बिघडत नाही. त्या काळात चाप दाबायला शिकावं. उभं राहणं नंतर येतं.

चौथी गोष्ट माप नव्हे, पण ती चुकली तर बाकीचं सगळं वाया जातं. आपला कुठला डोळा मालक आहे, ते बघा. दोन्ही तळहात पुढे करून मध्ये एक छोटी खिडकी करा. तिच्यातून दोन्ही डोळ्यांनी लांबचं एखादं झाड बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं झाड खिडकीतच राहतं, तो मालक. मुलगी उजव्या हातानं लिहिते पण मालक डोळा डावा आहे, असं पुष्कळदा निघतं. अगदी नवी असेल तर तिला सरळ डाव्या खांद्यावरून शिकवावं.

दस्ता फारच लांब असेल तर तो कापता येतो. पण कारागिराकडूनच कापून घ्यावा, घरच्या करवतीनं नाही. आणि कापलेला तुकडा फेकू नये. आपल्या आया-बहिणी मुलीचा परकर शिवताना आत माया सोडतात. मुलगी वाढली की उसवून लांब करता यावा म्हणून. दस्त्यालाही तशी माया ठेवावी. दोन वर्षांनी तोच तुकडा स्क्रूनं परत जोडता येतो.

आता दचक्याबद्दल. त्या धडगावच्या मुलीला आम्ही सहा आठवडे छर्राच दिला नाही. रिकामी रायफल, भिंतीवर कोरा पांढरा कागद, आणि चाप. तिनं फक्त एकच गोष्ट सांगायची होती, चाप सुटला तेव्हा माशी कुठे होती. जिचे डोळे मिटतात तिला ते सांगता येत नाही. ती रोज थोडं थोडं जास्त सांगू लागली. नंतर भरलेली की रिकामी हे तिला न कळवता मी रायफल हातात देऊ लागलो. रिकामी असताना नळी हलली की तिचं तिलाच दिसायचं. मला काही बोलावं लागत नव्हतं. दस्ता तिच्या मापाचा करून घेतला होताच. पुढे ती एनसीसीच्या फायरिंगमध्ये पॉइंट टू टू घेऊन उतरली, आणि सगळ्या गोळ्या उघड्या डोळ्यांनी मारल्या. पदक मिळालं नाही. पण ती टिकली, आणि आता गावातल्या लहान मुलींना घेऊन येते.

काही जण म्हणतात, ‘अंगच लहान, मग पुढे जाऊन काय उजेड पडणार?’ त्यांना मी उदाहरणं देतो. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिम्पिकमध्ये रायफलच्या स्पर्धेत स्त्री-पुरुष एकत्र होते. अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉकनं सुवर्णविजेत्या पुरुषाइतकेच गुण मिळवले आणि नियमामुळे तिला रौप्य मिळालं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये चीनच्या झांग शाननं उडत्या थाळ्यांच्या स्कीट स्पर्धेत सगळ्या पुरुषांना मागे टाकलं, आणि तेही बाराबोर घेऊन. म्हणजे बाराबोरही बाईच्या हातात शोभते, ती तिच्या मापाची असली आणि योग्य वेळी हातात आली तर.

आपल्या महाराष्ट्राकडे बघा. अंजली भागवत एनसीसीतून पुढे आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या. २००४ मध्ये अथेन्सला सुमा शिरूर पोचल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणलं. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो फोडायला दंडाचा घेर उपयोगी पडत नाही. उभ्यानं नेम धरताना डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि बंदुकीचं वजन हाडांवरून जमिनीत उतरतं. स्नायूंनी पेलायला गेलं की हात थरथरतो. आमच्या डोंगरातल्या मुली डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढतात. वजन हाडांवर कसं घ्यायचं हे त्यांना मी शिकवायची गरज नसते.

म्हणून पालकांना माझं सांगणं एवढंच. पहिले सहा महिने काही विकत घेऊच नका. एनसीसीत किंवा क्लबात मुलीला वेगवेगळ्या रायफली हाताळू द्या. स्पर्धेची रायफल लाखाच्या पुढे जाते, ती घाईनं घ्यायची वस्तू नाही. घ्यायची वेळ आली की मुलीला बरोबर न्या, आणि दुकानदाराला ताकद विचारण्याआधी मापं विचारा. बंदूक कुठलीही असो, ती भरलेलीच आहे असं समजून हाताळा, नळी कुणाकडे वळवू नका, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. एअरगनच्या छर्ऱ्यानंही डोळा जातो, म्हणून चष्मा लावूनच सराव करा. घरी बंदूक कुलपात, आणि छर्रे दुसऱ्या कुलपात.

आणि घरातली ती जुनी बाराबोर? तिला परवान्यासकट, तेल लावून, ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच राहू द्या. पोरीला तिच्या मापाचं काहीतरी द्या.